व्हिटॅमिनच्या डबीने कॅन्सर टळतो का? लेबल वाचून दिलेलं उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६१ वर्षांचे, तीस वर्षं तंबाखू-चुना. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन संपून आठ महिने झाले. आई ५४ वर्षांची, माळकरी, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते, पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली, हिमोग्लोबिन ८.६. तुम्ही ३२ वर्षांचे, गुटखा ‘बराच कमी केलाय’. गावातल्या ओळखीच्या माणसाने माणशी महिना २,८०० रुपयांची ‘अँटिऑक्सिडंट’ (पेशींना झिजेपासून वाचवतात अशा पदार्थांच्या) कॅप्सूलची डबी सुचवली आहे आणि तिघांनी घेतली तर घरात पुन्हा कॅन्सर येणार नाही असं तो सांगतो. लेबलचा फोटो टाकलात ते फार बरं केलंत.

उत्तर आधीच देऊन टाकते: डबी घेऊ नका. वडिलांना तर मुळीच देऊ नका, आणि तुम्हीही घेऊ नका. आईला काही गोष्टींची खरोखर गरज असू शकते, पण त्या या डबीत नाहीत. लेबलवर लोह नाही आणि बी१२ पण नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ‘कोणतं व्हिटॅमिन चांगलं’ हा नाहीच. घरात तीन माणसं आहेत, तिघांचा धोका तीन वेगळ्या कारणांनी आहे, आणि त्यावर एकच डबी विकली जाते आहे.

जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचा कॅन्सरशी काही संबंधच नाही, असं मात्र नाही. फोलेट (बी गटातलं एक जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक अ‍ॅसिड म्हणून असतं) कमी पडलं तर पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल बिघडते. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर तोंड, घसा, श्वासनलिका यांचं आतलं ओलसर अस्तर कोरडं आणि जाड होतं. लोह दीर्घकाळ कमी राहिलं तर तेच अस्तर पातळ पडतं. म्हणजे उणीव असेल तर धोका वाढायला वाव आहे, आणि ती भरून काढली तर तेवढा वाढलेला धोका खाली येऊ शकतो. उणीव नसताना वरून ओतलं तर गणित बदलतं. कोरड्या रानातल्या तुरीला पाणी दिलं तर ती तरारते, काळ्या रानात पाणी साचलं तर तीच तूर उभळते, म्हणजे सुकून मरते. पाणी तेच असतं, रानाची स्थिती वेगळी असते.

याचे दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. चीनमधल्या लिनशिएन भागात अन्ननलिकेचा आणि जठराचा कॅन्सर फार होता आणि लोकांचा आहार वर्षानुवर्षं निकृष्ट होता. तिथे १९८६ ते १९९१ या काळात जवळपास ३०,००० लोकांवर प्रयोग झाला. रोज बीटा-कॅरोटीन (भाज्या-फळांतलं रंगद्रव्य, शरीरात त्याचं अ जीवनसत्त्व होतं) १५ मिलिग्रॅम, सेलेनियम हे खनिज ५० मायक्रोग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ३० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. डबी विकणारे हा प्रयोग आवर्जून सांगतात. ते लोक कुपोषित होते, सेलेनियम आणि ई यांच्या मात्रा आजच्या डब्यांपेक्षा कितीतरी लहान होत्या, हे मात्र सांगायचं राहून जातं.

दुसरी बाजू फिनलंडची. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं गेलं. अपेक्षा होती की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. हा योगायोग असेल असं म्हणायला जागा होती, ती अमेरिकेतल्या प्रयोगाने बंद केली. धूम्रपान करणारे, पूर्वी करणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले असे १८,३१४ लोक, रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि जोडीला २५,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) अ जीवनसत्त्व. फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त, मृत्यू १७ टक्के जास्त. जानेवारी १९९६ मध्ये तो प्रयोग ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावा लागला.

मुळात अपेक्षा का होती? ज्यांच्या रक्तात कॅरोटीन जास्त, त्यांना कॅन्सर कमी, असं आधीच्या पाहण्यांत दिसत होतं. पण रक्तात कॅरोटीन जास्त असणारा माणूस म्हणजे रोज भाजी आणि फळं खाणारा माणूस, आणि असा माणूस सहसा विडी-दारूही कमी घेतो. कॅरोटीन ही त्या राहणीची खूण होती, कारण नव्हतं. शिवाय धुराने आधीच पोळलेल्या पेशींत एवढं कॅरोटीन गेलं की त्याचेच तुकडे त्रासदायक ठरत असावेत. आणि अँटिऑक्सिडंट ओळखीचं-परक्याचं पाहत नाही: बिघडायला लागलेल्या पेशीलाही ते चांगल्या पेशीइतकंच संरक्षण देऊ शकतं.

हे दोन्ही प्रयोग प्रामुख्याने विडी-सिगारेट ओढणाऱ्यांवरचे आहेत, तंबाखू चघळणाऱ्यांवरचे नाहीत, हे कबूल. पण वडिलांच्या परिस्थितीला अगदी जवळ जाणारा एक प्रयोग कॅनडात झाला आहे. डोकं-मान भागाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांत काहींना ई जीवनसत्त्व ४०० आययू रोज दिलं. बीटा-कॅरोटीनही सुरू केलं होतं, पण वरचे निकाल आल्यावर ते मध्येच थांबवलं. गोळ्या चालू असण्याच्या काळात, गोळ्या घेणाऱ्यांत कॅन्सर परत येणं किंवा दुसरा नवा कॅन्सर होणं जास्त दिसलं. तुमच्या डबीवर ई किती आहे? बरोबर ४०० आययू. म्हणून वडिलांच्या बाबतीत मी ‘मुळीच नको’ असं स्पष्ट लिहिलं.

आता लेबल ओळीओळीने पाहू. रोजच्या दोन कॅप्सूलमध्ये असं लिहिलंय: बीटा-कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, ई ४०० आययू, सी ५०० मिलिग्रॅम, सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, झिंक ५० मिलिग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड १ मिलिग्रॅम, डी३ १,००० आययू.

बीटा-कॅरोटीनचं झालं. ई आणि सेलेनियम यांची जोडी प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरसाठी तपासली गेली आहे, अगदी याच मात्रेत: ई ४०० आययू, सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, ३५,५३३ पुरुष. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. लोकांचा पाठपुरावा मात्र चालू ठेवला, आणि २०११ मध्ये दिसलं की नुसतं ई घेतलेल्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त झाला. सेलेनियमची रोजची गरज ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. ते फार वाढलं की केस गळतात, नखं तुटतात आणि श्वासाला लसणासारखा वास येतो.

झिंक ५० मिलिग्रॅम हे तर सुरक्षित वरच्या मर्यादेच्या (४० मिलिग्रॅम) पलीकडे आहे. महिनोन्‌महिने इतकं झिंक घेतलं की आतड्यातून तांबं शोषलं जात नाही, आणि तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशीही घटतात. ज्या आईचं हिमोग्लोबिन ८.६ आहे तिला ही कॅप्सूल द्यायची म्हणजे उलट दिशेने जाणं झालं.

फॉलिक अ‍ॅसिड १ मिलिग्रॅम. मोठ्या आतड्यात एकदा गाठी, म्हणजे पॉलिप, निघालेल्या लोकांना हीच मात्रा देऊन पाहिली, कारण फोलेट कमी तर पॉलिप जास्त असं समीकरण होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात नवे पॉलिप कमी झाले नाहीत, उलट जास्त काळ घेतलेल्यांत मोठे आणि एकापेक्षा जास्त पॉलिप अधिक दिसले. आईला दुसराही धोका आहे. ती अंडी-मांस खात नाही, म्हणजे बी१२ कमी असण्याची शक्यता बरीच. अशा माणसाला नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं की रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पायाला मुंग्या, तोल जाणं हे पुढे कळतं.

सी ५०० मिलिग्रॅम. रोजची गरज साधारण ६५ ते ८० मिलिग्रॅम, ती एका पेरूने भागते. बाकीचं बरंचसं लघवीवाटे जातं, जाताना ऑक्झलेट (मूतखडा बनवणारा क्षार) वाढवतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कमी पाणी पिऊन रानात राबणाऱ्याला मूतखड्याचं निमित्त मिळतं. सी पोटात नायट्रोसामाइन (कॅन्सर करणारी रसायनं) तयार होण्याला अडवतं असंही विक्रेते सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण तंबाखूतले नायट्रोसामाइन पान वाळवताना-मुरवतानाच तयार झालेले असतात. ते पुडीतूनच येतात, त्यांना अडवायला सी फार उशिरा पोचतं.

राहिलं डी३, १,००० आययू. डबीतली एवढीच ओळ निरुपद्रवी आहे. तीसुद्धा कॅन्सर टाळायला नाही. २५,८७१ लोकांना रोज २,००० आययू देऊन पाहिलं, २०१८ च्या निकालात कॅन्सरचं प्रमाण कमी झालं नाही. ऑस्ट्रेलियात तर आपल्याकडे मिळते तशी ६०,००० ची मात्रा महिन्यातून एकदा, पाच वर्षं, २१,००० वर लोकांना दिली, कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. डी कमी असेल तर हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ते जरूर भरावं. इथे एक नेहमीची चूक होते. ६०,००० ची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं सांगितलेलं असतं आणि घरी ती रोज एक घेतली जाते. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, बद्धकोष्ठ, सतत तहान, उलट्या सुरू होतात, आणि मूत्रपिंडाला इजा होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर मल्टिव्हिटॅमिनच्या बाजूने एक बऱ्यापैकी प्रयोग आहे. अमेरिकेत ५० च्या पुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांना साधी रोजची मल्टिव्हिटॅमिन दिली. २०१२ च्या निकालात एकूण कॅन्सर ८ टक्के कमी दिसले. फरक लहान आहे, आणि त्या गोळीतल्या बहुतेक मात्रा रोजच्या गरजेच्या आसपास होत्या. म्हणून कोणाला साधी, गरजेइतकीच मात्रा असलेली स्वस्त गोळी घ्यायचीच असेल तर मी अडवत नाही, फक्त त्यात बीटा-कॅरोटीन आणि ई किती आहे ते वाचून घ्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य तज्ज्ञगटाने कॅन्सर आणि हृदयरोग टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीन आणि ई घेऊ नका असंच सांगितलं. मल्टिव्हिटॅमिनबद्दल पुरावा अपुरा आहे असं म्हटलं.

आणखी एक. डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक आहे, म्हणजे कायद्याने ते खाद्य आहे, औषध नाही. ‘कॅन्सर होत नाही’ अशी जाहिरात करायला १९५४ च्या ‘औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायद्याने बंदीच आहे. म्हणून तर तो दावा लेबलवर नसतो, तोंडी असतो.

आता आईकडे येऊ, कारण या घरात मला सगळ्यात जास्त काळजी तिच्या ८.६ ची वाटते. आपल्याकडे बायकांचं रक्त कमी असणं इतकं नेहमीचं झालंय की कोणी विचारतच नाही. पण पाळी चालू असताना रक्त कमी असणं वेगळं आणि पाळी बंद होऊन पाच वर्षं झाल्यावर कमी असणं वेगळं. आता महिन्याचं रक्त जात नाही. मग जातंय कुठे? हा प्रश्न विचारल्याशिवाय टॉनिक सुरू करणं ही मोठी चूक आहे. जठरात किंवा मोठ्या आतड्यात थोडं थोडं रक्त सोडणारी गाठ असली तर टॉनिकने हिमोग्लोबिन काही काळ वर येतं, घरचे निर्धास्त होतात, आणि गाठीला आणखी वर्षभर मोकळीक मिळते.

क्रम असा ठेवा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पूर्ण करा आणि त्यातला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, पाहा. ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता जास्त संभवते, १०० च्या वर असेल तर बी१२ किंवा फोलेटची. दोन्ही कमी असतील तर आकडा मधोमध, वरकरणी ठीक दिसतो आणि फसवतो. म्हणून सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ करा. शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणी लोहाची गोळी सुरू करण्याआधी करून घ्या, कारण गोळीने शौच काळी होते आणि मग आतून रक्त जातंय का हे रंगावरून कळेनासं होतं. डॉक्टरांना या गोष्टी आपणहून सांगा: गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या चालू आहेत का (त्या जठरातून रक्त काढतात, आणि बायका त्या ‘औषध’ म्हणून मोजतच नाहीत), मूळव्याध आहे का, रानात अनवाणी काम होतं का (अंकुशकृमी पायातून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो), वजन उतरलंय का, आणि पाळी गेल्यावर अंगावर लाल जातं का. शेवटचा प्रश्न मुलाने विचारायला अवघड, बहिणीला किंवा आशाताईंना सांगा, पण विचारला गेलाच पाहिजे.

एक प्रश्न खास लक्षात ठेवा: कोरडी भाकरी गिळताना घास अडकतो का? लोहाची जुनी कमतरता असलेल्या काही बायकांत अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला पातळ पडदा तयार होतो, जीभ गुळगुळीत होते, ओठांचे कोपरे फाटतात. याला प्लमर-विन्सन म्हणतात, आणि यात घशाच्या-अन्ननलिकेच्या त्या भागाचा कॅन्सर होण्याचा धोका खरोखर वाढतो. खनिजाची उणीव आणि कॅन्सर यांचा इतका सरळ संबंध दुसरीकडे क्वचितच दिसतो. त्यात मिश्रीची भर. घास अडकत असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका.

कारण सापडून लोह द्यायचं ठरलं की गोळीवर ‘एलिमेंटल’ लोह किती ते बघा. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ च्या आसपास असतं. रोज एक किंवा पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, जेवणाआधी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दीड-दोन तास लांब. घरोघरी काय होतं: सकाळी उठून मिश्री, मग चहा, आणि त्याच चहाच्या घोटाबरोबर लोहाची गोळी. ती गोळी बहुतांशी वाया जाते. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दीडने तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी बदलत बसू नका, रक्त जातंय किंवा शोषलं जात नाहीये. आणि आकडा बारा झाला म्हणून लगेच थांबवू नका, साठा भरायला पुढे तीन महिने लागतात.

आईच्या बाबतीत अजून एक, व्हिटॅमिनच्या बाहेरचं, पण वगळता येत नाही. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने मोठा अभ्यास केला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू) चाचणी मिळाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एवढा फरक मी कुठल्या गोळीचा वाचलेला नाही. आईची ही चाचणी झाली नसेल तर २,८०० रुपये तिकडे लावा. सरकारी आरोग्य मंदिरात ३० वर्षांपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची साधी तपासणी होते, निदान तिथून सुरुवात करा.

आता ताटाबद्दल. अन्नाचे पुरावे गोळ्यांच्या प्रयोगांइतके काटेकोर नाहीत. ते बहुतेक लोकांच्या खाण्याच्या पाहण्यांवरून आलेले आहेत आणि परिणामही मध्यम आहे. तरीही मी ताटाकडेच वळवते, कारण तिथे नुकसान नाही आणि जीवनसत्त्वांबरोबर तंतूही येतात. दिवसाला भाजी आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम, हा आकडा धरा. आपल्या भागातलं नेहमीचं ताट म्हणजे तीन भाकरी, पिठलं किंवा वरण, शेंगदाण्याची चटणी आणि भाजी जेमतेम एक पळी. ज्वारी वाईट नाही, प्रमाण वाईट आहे. एक भाकरी कमी आणि भाजी दुप्पट, एवढाच बदल सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

ज्वारी घ्यायचीच आहे तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर २०१८ मध्ये आणलेलं ‘परभणी शक्ती’ वाण मिळतं का बघा. त्यात किलोला लोह साधारण ४५ मिलिग्रॅम आणि जस्त ३२, नेहमीच्या ज्वारीत साधारण ३० आणि २०. दिवसाला २०० ग्रॅम पीठ धरलं तर ६ ऐवजी ९ मिलिग्रॅम लोह. यातलं अंगी लागतं थोडंच, म्हणून भाकरीबरोबर लिंबाची फोड, कैरी किंवा कच्चा टोमॅटो असू द्या आणि जेवणावर लगेच चहा नको.

शिजवण्यात बरंच वाया जातं. अंबाडी उकडून, पिळून, ते पाणी फेकून मग कण्या आणि डाळ घालून फोडणी देतात. आंबटपणा कमी होतो खरा, पण फोलेट आणि सी त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. पहिलं पाणी थोडं ठेवून त्याच कण्या त्यात शिजवा. चवीला आंबट लागली तर डाळ वाढवा. करडईची, हरभऱ्याची, तांदुळजाची भाजी झाकण ठेवून कमी पाण्यात. पालेभाजीतलं कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही, म्हणून ‘पथ्याची’ म्हणून बिनतेलाची भाजी करू नका, माणशी एक चमचा करडईचं तेल हवं. अन्नातल्या कॅरोटीनने फिनलंडसारखं काही होत नाही, त्याची भीती नको.

हिवाळा सोपा असतो, कस लागतो मार्च ते जूनमध्ये. हरभऱ्याचा पाला, मेथी वाळवून ठेवता तेव्हा कडक उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर वाळवा. उन्हात कॅरोटीन उडतं, पाला पिवळट पडतो ती त्याची खूण. सी दोन्हीकडे जातं, लोह आणि कॅल्शियम राहतं. सी ची भरपाई मोड आलेल्या मटकीने करा: रात्रभर भिजत, मग ओल्या फडक्यात एक दिवस, आणि अर्धवट वाफवूनच खायची. बांधावर शेवगा असेल तर उन्हाळ्यातही पाला मिळतो. आईसाठी दूध-दही रोज आणि तिळाची चटणी, पण बी१२ फारच कमी निघालं तर दह्याने भरत नाही, गोळी किंवा इंजेक्शन लागतं.

शेंगदाण्याबद्दल सावध करते. ओल लागलेल्या शेंगांवर जी हिरवट-काळी बुरशी येते तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध कारण आहे. सुरकुतलेले, डागाळलेले, कडवट दाणे चांगल्यातून निवडून चटणीच्या कुटात ढकलायची सवय घरोघरी असते. भाजल्याने ते विष पूर्ण जात नाही. फेकून द्या.

तुमच्याबद्दल. ‘कमी केलाय’ याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही, कारण सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरकारक आहे, तंबाखू नसली तरी. आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का पाहा. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ लागत असेल तर तो सुपारीचा परिणाम आहे. त्यावर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या जातात, जळजळ थोडी कमी होते, पण सुपारी चालू असेल तर पुढचं काही थांबत नाही. पांढऱ्या चट्ट्यांवर केरळमध्ये अ जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं होतं. बऱ्याच जणांचे चट्टे गेले, आणि गोळ्या बंद केल्यावर त्यातल्या पुष्कळांचे परत आले. तीन आठवड्यांत न भरलेलं कुठलंही तोंडातलं व्रण दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे. उठल्यावर अर्ध्या तासात पुडी लागत असेल तर निकोटिन गमशिवाय नुसत्या निश्चयावर राहू नका. तो गम चघळत राहायचा नसतो: झणझणलं की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चार वेळा चावायचा.

वडिलांना या काळात व्हिटॅमिनपेक्षा प्रथिनं आणि वजन महत्त्वाचं. चावता येत नसेल तर ताकातल्या कण्या, मुगाचं कढण, दुधात कालवलेला दाण्याचा बारीक कूट, मऊ अंडं. ते माळकरी नसतील तर दिवसाला दोन अंडी. मानेवर रेडिएशन झालंय म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वर्षातून एकदा-दोनदा करा; थायरॉइड मंदावलं की थकवा येतो आणि घरचे ‘अशक्तपणा’ समजून टॉनिक आणतात. पहिल्या वर्षी तपासणीची फेरी दर एक ते तीन महिन्यांनी असते, ती चुकवू नका. आणि घरात तंबाखूची पुडी दिसेल अशी ठेवू नका, तुमचीही आणि आईची मिश्रीही.

डब्या अजून फोडल्या नसतील तर परत करा, तिघांचे मिळून महिन्याला ८,४०० रुपये होतात. आईचा सीबीसी झाला की एमसीव्ही आणि फेरिटिन दोन्ही आकडे इथे टाका, म्हणजे गोळीने भागेल की लोह शिरेतून द्यावं लागेल, याबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगते.